गहाण बुडालेला लॅपटॉप घ्यावा का?

कडकभाकरी (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला पाहिजे. नुसता कॉन्फिगरेशनचा नाही, थोडा मनाचाही.

थोरली लेक यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला लागली. ब्रँच कॉम्प्युटर. कॉलेजात लॅब आहे, पण घरी मशीन नाही म्हणून पोरगी रोज संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन बसते. नवा घ्यायचा तर चाळीस हजारांच्या आत धड काही दिसेना, आणि फी भरून आमचा खिसा आधीच झटकलेला.

मित्रानं इथलं, सोलापूरच्या पूर्व भागातलं एक दुकान सांगितलं. पाटीवर 'मोबाईल-लॅपटॉप खरेदी, विक्री, दुरुस्ती' एवढंच. आत गेलो तर काउंटरमागे लोखंडी रॅक. त्यावर फोन, टॅब, दोन होम थिएटर, एक शिलाई मशीन आणि चार-पाच लॅपटॉप. प्रत्येकाला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. मालक म्हणाला, "हा सगळा बुडालेला माल आहे. मुदतीत सोडवायला आले नाहीत."

त्यातला एक लॅपटॉप पसंत पडला. साडेचौदा हजार सांगतो. असाच दुसरीकडे एकोणीस-वीसच्या खाली नाही. चालू करून दाखवला. पासवर्ड नव्हताच. पडद्यावर फोटो आला: सिद्धेश्वर तलावाच्या कठड्याला टेकलेला विशीतला पोरगा, शेजारी त्याची आई, पदर डोक्यावर, उन्हानं डोळे बारीक केलेले. कीबोर्डवर ए आणि एस ही अक्षरं घासून पुसलेली. झाकणावर तेलुगूत काहीतरी लिहिलेला स्टिकर. डेस्कटॉपवर 'प्रोजेक्ट फायनल', 'प्रोजेक्ट फायनल २', 'प्रोजेक्ट एकदम फायनल' असे तीन फोल्डर. लॅपटॉप उलटा केला तर पुठ्ठा पण उलटा झाला. त्यावर पेनानं लिहिलेलं: ११७, खाली ६०००, खाली पाच महिन्यांपूर्वीची तारीख.

म्हणजे त्या पोराला सहा हजार मिळाले आणि मी साडेचौदा देणार. मी "उद्या येतो" म्हणून बाहेर पडलो. बायको म्हणते घेऊन टाका, आपण काय चोरलाय का. मला रात्री तो फोटोच दिसतो. तुम्ही काय केलं असतं?

विजापूरवेस

घेतला असता. त्याच दिवशी. फोटो बघायचा नाही, बॅटरी बघायची.

हुतात्मा_डी३

पुण्यात असतो म्हणून विचारतो, सोलापुरात वस्तू गहाण ठेवायची दुकानं अजून चालतात? मला वाटलं आता सगळं सोन्यावर आलं.

विजापूरवेस

सोनं असलेला माणूस सोन्यावर जातो की. नसलेला फोन घेऊन येतो. काय बे, पुण्याला जाऊन विसरलास का सगळं?

काळाकोट

वकिली करतो, मुख्यतः दिवाणी. कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो, मग मनाचं बघू.

गहाण म्हणजे विक्री नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७२ पासून तारणाची तरतूद आहे. वस्तूचा ताबा सावकाराकडे जातो, मालकी ठेवणाऱ्याकडेच राहते. मुदत टळली म्हणून वस्तू आपोआप दुकानदाराची होत नाही. कलम १७६ नुसार विकण्याआधी गहाण ठेवणाऱ्याला वाजवी नोटीस द्यावी लागते. आणि लोकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे: विक्रीतून येणं भागून वर जे उरेल ते गहाण ठेवणाऱ्याला परत द्यायचं. कलम १७७ सांगतं की मुदत टळली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत तो पैसे भरून वस्तू सोडवू शकतो.

आता धागाकर्त्याच्या पुठ्ठ्याचा हिशेब. मुद्दल ६०००. आपल्याकडे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला शेकडा १५ पेक्षा जास्त घेता येत नाही. पाच महिन्यांचं व्याज झालं ३७५ रुपये. येणं ६३७५. विक्री १४,५०० ला. मधले ८१२५ रुपये कायद्यानं त्या फोटोतल्या पोराचे. तुम्हाला स्वस्त वाटतंय ना, ते नेमकं कुठून आलंय ते बघा.

विजापूरवेस

वर्षाला पंधरा! वकीलसाहेब, कुठल्या सोलापुरात राहता? महिन्याला शेकडा पाच हा ओळखीचा भाव आहे. अनोळखी असला तर दहा.

काळाकोट

मी कायदा सांगितला, बाजारभाव नाही. परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. महिना पाच टक्क्यांनी धरलं तरी व्याज दीड हजार होतं, येणं साडेसात. तरी सात हजार उरतातच. आणि दामदुप्पट लक्षात ठेवा, व्याज कधीही मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. हा नियम आपल्याकडे इंग्रजांच्या आधीपासून आहे, २०१४ च्या कायद्यातही आहे.

हॉटएअर

वकीलसाहेबांचं सगळं बरोबर, पण दुकानात कागद वेगळा असतो. मी बारा वर्षं रिपेअरिंग करतो, गहाणाचा धंदा करत नाही, पण शेजारी बसून बघतोय. पोरगा फोन घेऊन येतो. त्याच्याकडून लिहून घेतात की 'मी माझा फोन स्वखुशीनं अमुक रुपयांना विकला'. खाली सही, आधारची झेरॉक्स. परत द्यायचं ते तोंडी: "महिन्यात आणून दे, एवढे वर दे, घेऊन जा." म्हणजे कागदावर गहाण नाहीच, जुन्याची खरेदी. नोटीस कसली आणि उरलेले पैसे कसले. सावकारी परवान्याचाही प्रश्न येत नाही.

म्हणून धागाकर्त्याला आधी मशीनचं सांगतो.

पहिलं, प्रोसेसरची जनरेशन, म्हणजे तो कितव्या पिढीचा आहे, ते विचारा. विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. सहावी-सातवी असेल तर जुगाड करून चढवतात, पण कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही. बाजारात ज्या लॅपटॉपचे भाव एकदम पडलेत ते यामुळेच. दुकानदार 'आय-फाईव्ह आहे' एवढंच सांगतो, आय-फाईव्ह दहा वर्षांपूर्वीपण होता.

दुसरं, बॅटरी. चार्जर काढून अर्धा तास दुकानातच चालवा. चहा प्या तोवर. विंडोजमध्ये बॅटरीचा रिपोर्ट निघतो, त्यात मूळ क्षमता आणि आताची क्षमता दोन्ही आकडे असतात. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करा.

तिसरं, बिजागरी. झाकण एका कोपऱ्यात धरून उघडा. कुरकुर आवाज आला किंवा प्लास्टिक फुगलं तर हात जोडा.

चौथं, मागच्या स्टिकरवरचा सिरीयल नंबर आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना विंडोजच्या आधी उघडतं ते सेटिंग) दिसणारा नंबर एकच आहे का ते बघा. बायोसला पासवर्ड असेल तर मशीन एखाद्या कंपनीचं असू शकतं. तिथून सुटलंय की सुटवलंय हे तुम्हाला कळणार नाही.

कडकभाकरी

@हॉटएअर, आठवी जनरेशन आहे, मी फोटो काढून आणला होता. बॅटरी बघितली नाही. खरं सांगायचं तर त्या फोटोपुढे काही सुचलंच नाही.

शेंगापोळी

चोरीचा असला तर? माझ्या भाच्यानं सेकंडहँड फोन घेतला, तीन महिन्यांनी पोलीस घरी. फोन गेला, पैसे गेले, वर चार वेळा ठाण्याच्या पायऱ्या. दुकानदार म्हणे मला माहीत नव्हतं.

काळाकोट

चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती कुणाला देऊही शकत नाही. मधे चार हात बदलले तरी वस्तू मूळ मालकाचीच. चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो. जुन्या दंडसंहितेत हेच ४११ होतं. 'मानायला कारण असून' हे शब्द महत्त्वाचे. वीस हजारांचा फोन कुणी चार हजारांना बिलाशिवाय देत असेल तर 'मला काय माहीत' म्हणून सुटका होईलच असं नाही.

हॉटएअर

फोन असेल तर सोपं आहे. डायल पॅडवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, दिसतो. दोन सिमचा असेल तर दोन नंबर. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर लिहायचा आणि १४४२२ ला पाठवायचा. सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरही तपासता येतं, ते २०२३ पासून देशभर सुरू आहे. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत ठेवा आणि गप घरी जा.

लॅपटॉपला हे काही नाही. आयएमईआय मोबाईल नेटवर्कवर चालणाऱ्या यंत्रालाच असतो. म्हणून लॅपटॉपला बिल हाच आधार.

अजून एक, हप्त्यावरचे फोन. हप्ता थकला की काही फायनान्स कंपन्या फोन लांबूनच लॉक करतात. पोरगा तो गहाण ठेवून मोकळा, दुकानदार विकून मोकळा, आणि घेणाऱ्याच्या हातात पुढच्या महिन्यात काचेची पाटी. माझ्या टेबलावर अशा आठवड्याला एक-दोन येतात. मी उघडून देत नाही. देणारे आहेत.

विडीचंपान

मी बोलू का? आत्तापर्यंत सगळे घेणाऱ्याच्या बाजूनं बोलतायत. मी ठेवणाऱ्याच्या घरातली आहे.

माझी आई विड्या वळायची. हजार विड्यांचा हिशेब, पान-तंबाखू कारखान्याच्या ब्रँचमधून आणायचं, वळून नेऊन द्यायचं, त्यात चेकरनं काढून टाकलेल्या विड्या आपल्या माथी. वडील यंत्रमागावर. आमच्याकडे एक रंगीत टीव्ही होता. तो वर्षातून दोनदा घरात नसायचा. शाळा सुरू होताना जायचा, दिवाळीच्या बोनसला परत यायचा. मधे कुणाचं बाळंतपण निघालं तर पुन्हा. वडील तो चादरीत गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधायचे आणि मी मागून हात लावून चालायचे. चादर यासाठी की गल्लीत दिसू नये. सगळ्या गल्लीला माहीत असायचं, कारण सगळ्यांच्या चादरी तशाच निघायच्या.

एका वर्षी बोनस कमी पडला आणि टीव्ही बुडाला. चार महिन्यांनी तो आम्हाला ओळखीच्या घरी दिसला. डाव्या कोपऱ्यात मी चिकटवलेली फुलाची टिकली तशीच. त्या काकूंचा काय दोष? त्यांनी रोख पैसे देऊन घेतला होता. पण मी त्या घरी पुन्हा गेले नाही. आणि आई गेली, मुद्दाम गेली, मालिका बघायला. म्हणायची, "आपलाच टीव्ही आहे."

तेव्हा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त तो सहा हजारांचा आकडा वाचून सोडून देऊ नका.

हुतात्मा_डी३

तुमच्या आईला नमस्कार.

विजापूरवेस

बाई, तुमचं वाचून गप्प बसावं असं वाटलं, पण एक बाजू राहिलीय. बुडालेला माल कुणी घेतलाच नाही तर काय होईल? दुकानदार उद्या त्याच लॅपटॉपवर सहाऐवजी तीन हजार देईल. सोन्याचं बरं आहे, सहा महिने ठेवलं तरी भाव फारसा उतरत नाही, उलट चढतो. लॅपटॉपचं तसं नाही. कपाटात पडल्या पडल्या उतरतो, बॅटरी मरते, नवीन मॉडेल येतं. म्हणून दुकानदार निम्म्याच्या खाली देतो. तो धर्मादाय नाही, पण नुसता राक्षसपण नाही. रात्री दहाला दवाखान्यात पैसे भरायचेत, बँक बंद, सिबिल खराब, नातेवाईक फोन उचलत नाहीत. तेव्हा कोण देतं?

आणि वस्तू बुडाली की विषय संपला. कोरा चेक लिहून घेऊन दारात बसणारा सावकार बघितलाय का? त्यापेक्षा फोन गेलेला परवडतो. मी फोन बुडवलाय, म्हणून सांगतो. कुणी मागे आला नाही.

विडीचंपान

हे मान्य आहे. वडीलपण हेच म्हणायचे, वस्तू जाऊ दे, अब्रू राहू दे.

पण रॅकवर शिलाई मशीनपण आहे असं धागाकर्त्यानं लिहिलंय. टीव्ही गेला तर संध्याकाळ जाते, मशीन गेलं तर चूल जाते.

काळाकोट

यावर एक. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कोर्टालाही हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कारागिराची हत्यारं जप्त करता येत नाहीत. पण तो स्वतःच आपल्या हातानं नेऊन ठेवतो, तेव्हा कायदा काही करू शकत नाही. विद्यार्थ्याचा लॅपटॉप हत्यार म्हणायचा का यावर कोर्टात भांडता येईल. जिंकेन असं सांगत नाही.

शेंगापोळी

अवांतर: ते तीन 'फायनल' फोल्डर वाचून हसू आलं आणि मग नाही आलं. त्याचा प्रोजेक्ट त्यातच राहिलाय की काय?

हॉटएअर

हेच लिहायला आलो होतो. दुकानदारानं त्याच्या फाइली न पुसता लॅपटॉप गिऱ्हाइकापुढे उघडला, हे चूक आहे. उद्या आईचे फोटो, आधार, बँकेचे कागद कुणाच्याही हाती. आणि पुसला म्हणाले तरी विश्वास ठेवू नका. नुसतं फॉरमॅट केलेल्या जुन्या हार्ड डिस्कमधून मी स्वतः लग्नाचे अल्बम परत काढून दिलेत. एका चांगल्या गिऱ्हाइकाला काढता येतात म्हणजे वाईटालाही येतात. गहाण ठेवणाऱ्यानं आधी आपला डेटा पेन ड्राइव्हवर घ्यावा, फोन असेल तर गूगलमधून लॉगआउट करून मग रिसेट मारावा. पण अडचणीत असलेला माणूस हे करत नाही, कारण त्याला परत न्यायचाच असतो. रिसेट केलं म्हणजे आपणच हार मानली असं वाटतं.

हुतात्मा_डी३

@कडकभाकरी, दुसरा मार्ग सांगू का? इकडे आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप लॉटनं काढतात. व्यापारी ते साफ करून, रॅम वाढवून, बिल आणि थोडी वॉरंटी देऊन विकतात. साडेचौदात नाही, अठरापर्यंत जाल. पण त्यात कुणाची आई डोळे बारीक करून बघत नसेल.

विजापूरवेस

साडेतीन हजारांत झोप विकत मिळते, वाईट सौदा नाही. फक्त ते साडेतीन हजार असले पाहिजेत.

कडकभाकरी

परवा पुन्हा जाऊन आलो. बॅटरी तपासली, चाळीस मिनिटं टिकली. बिजागरी चांगली. मालकाला सरळ विचारलं, ज्याचा आहे त्याला फोन करून विचाराल का, विकू का म्हणून? आधी हसला. मग म्हणाला, "तुम्ही घेताय का चौकशी करताय?" मी म्हणालो, घेतोय, पण त्याला माहीत असलं पाहिजे. नंबर द्यायला तयार नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा. शेवटी माझ्यासमोर फोन लावला. स्विच ऑफ.

मी पाचशे रुपये ठेवतो, दिवाळीपर्यंत कुणाला देऊ नका म्हणालो. बोनस झाले की तो पोरगा येतो का बघू. पाचशे घेतले नाहीत. "दिवाळीपर्यंत असाही गिऱ्हाईक नाही" म्हणाला. पुठ्ठ्यावर माझं नाव लिहिलं, ११७ च्या खाली.

घरी बायको म्हणाली, पोरीनं दिवाळीपर्यंत काय पाटीवर कोडिंग करायचं का. तिचंही खरं आहे.

हॉटएअर

पोरीला म्हणावं रविवारी दुकानात येऊन बस. एक मशीन नुसतं पडून असतं. वायफाय आहे, पंखा नाही.

विडीचंपान

_/\_

कडकभाकरी

उशिरा लिहितोय, फराळ आणि पाहुणे.

लॅपटॉप गेला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो पोरगा आईला घेऊन आला. मालकानंच सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरात. आईनं पिशवीतून रुमालात बांधलेले पैसे काढले, दोनदा मोजले. मालकानं सात हजार आठशे घेतले. वकीलसाहेब, तुमच्या हिशेबानं किती जास्त ते मी सांगत नाही, तुम्हीच बघा. पोरानं तिथंच उघडून आधी फोल्डर बघितले म्हणे.

पुठ्ठा काउंटरवरच पडला होता. माझं नाव आणि ११७. मी मागितला तर "कशाला हवाय" म्हणाला, पण दिला.

आता मुद्द्याचं. लेकीचं सबमिशन डोक्यावर आहे आणि घरात लॅपटॉप नाही तो नाहीच. आठवी जनरेशन, बिलासह, सतरापर्यंत कुणाकडे असेल तर सांगा.

हॉटएअर

माझ्याकडे एक आहे, लॉटमधला, बिल आहे. सोळा. बॅटरी मेलीय, नवी अडीच हजाराची. चार्जर लावून आजपासून चालेल, बॅटरी पुढच्या महिन्यात टाका.

कडकभाकरी

साडेअठरा होतात की मग.

हॉटएअर

सतरात बॅटरीसकट बसवतो. येताना अर्धा किलो शेंगा चटणी आणा, घरची. बाजारची नको.

विजापूरवेस

हे गहाण का विक्री ते आधी लिहून घ्या बे.